मृगातला तो पुसट डाग: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा (म्हणजे चमकणाऱ्या वायूच्या ढगाचा) आमच्या गच्चीवरून काढलेला फोटो छापला होता आणि खाली लिहिलं होतं की तुम्हीही असे फोटो काढायचा प्रयत्न करत असाल तर काय अडतंय ते कळवा. एवढी पत्रं आणि मेसेज आले की सगळ्यांना उत्तर देणं या पानांत बसणार नाही. बरेच प्रश्न सारखे होते, म्हणून आठ निवडलेत. नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी दिली आहेत.

कोथरूड, पुणे: ताई, दिवाळीच्या बोनसमधून १३० मिलिमीटरची न्यूटनियन, म्हणजे आरशाची, दुर्बीण घेतली. फोकल लेंथ ९०० मिलिमीटर, सोबत हातानं फिरवायचा इक्वेटोरियल स्टँड. चंद्र आणि शनी मस्त दिसले, पण मृगातला तेजोमेघ राखाडी धुक्यासारखा आणि देवयानी दीर्घिका म्हणजे नुसता डाग. आयपीसला मोबाईल लावला तर काही येत नाही, डीएसएलआर लावला तर फोकसच होत नाही. दुर्बिणीत फॉल्ट आहे का? ८ इंची घेऊ का?

फॉल्ट अजिबात नाही, आणि दुसरी दुर्बीण आत्ता घेऊ नका. हे कळकळीनं सांगतेय, कारण तुमच्यासारखी बरीच पत्रं आलीत आणि सगळ्यांचा ओढा मोठ्या दुर्बिणीकडेच आहे.

आधी डोळ्याचं बघू. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, त्यामुळे तेजोमेघ राखाडीच दिसणार, मोठ्या दुर्बिणीतून फार तर हिरवट झाक जाणवेल. आणि डोळा उजेड साठवून ठेवत नाही, कॅमेरा ठेवतो, सगळा खेळ तिथेच आहे. ३० सप्टेंबर १८८० ला हेन्री ड्रेपर यांनी न्यूयॉर्कजवळ याच मृगातल्या तेजोमेघाचा फोटो काढला, कुठल्याही तेजोमेघाचा तो पहिला फोटो, आणि त्यासाठी ५१ मिनिटांचं एक्स्पोजर दिलं. ती ५१ मिनिटं दुर्बीण ताऱ्यांच्या मागे मागे फिरत राहिली म्हणून तो फोटो आला. तुमच्याकडे नेमकं तेच होत नाहीये.

आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं, म्हणजे एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातले १५. ऐकायला काहीच नाही वाटत, पण ९०० मिलिमीटर फोकल लेंथवर २४ मेगापिक्सेलचा साधा क्रॉप (छोट्या सेन्सरचा) डीएसएलआर लावला तर एका सेकंदात तारा १७-१८ पिक्सेल पुढे जातो. म्हणजे नुसत्या एका सेकंदाच्या फोटोत ताऱ्याची रेघ! तेच कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर सेकंदाला जेमतेम एक पिक्सेल. म्हणून फोकल लेंथ जेवढी लांब तेवढा स्टँड, म्हणजे माउंट, भक्कम आणि अचूक लागतो, आणि हातानं नॉब फिरवून ते होत नाही हो, मोटर लागते.

डीएसएलआरचा फोकस न होणं हेही नेहमीचंच. बघण्यासाठी बनवलेल्या बऱ्याच न्यूटनियनमध्ये प्रतिमा नळीच्या इतक्या जवळ तयार होते की कॅमेऱ्याचा सेन्सर तिथपर्यंत पोचतच नाही, फोकसर पूर्ण आत ढकलला तरी थोडं अंतर राहतंच. मध्ये बार्लो (फोकल लेंथ वाढवणारी जोडलेन्स) लावली की फोकस होतो, चंद्राला ती युक्ती चालते, पण बार्लोनं फोकल लेंथ दुप्पट होते आणि उजेड पसरतो, त्यामुळे तेजोमेघासाठी तिचा उपयोग नाही.

मग करायचं काय? ही दुर्बीण बघण्यासाठी ठेवा, ती त्यासाठी चांगलीच आहे. फोटोसाठी तुमचाच डीएसएलआर, एखादी १३५ मिलिमीटरची लेन्स (जुनी मॅन्युअल फोकसची सेकंडहँड मिळाली तरी उत्तम), आणि सगळे पैसे स्टार ट्रॅकरमध्ये घाला. ट्रॅकर म्हणजे ट्रायपॉडवर बसणारी छोटी मोटर, ती कॅमेऱ्याला ताऱ्यांच्या वेगानं फिरवते. लोकांना वाटतं देवयानी फार बारीक आहे म्हणून झूम पाहिजे. खरं तर ती आकाशात जवळजवळ ३ अंश पसरलेली आहे, शेजारी शेजारी ६ पौर्णिमेचे चंद्र ठेवले तर जेवढी लांबी होईल तेवढी! तिचा मधला उजळ भाग तेवढा आपल्याला दिसतो म्हणून डाग वाटतो. तुमच्या ९०० मिलिमीटरमध्ये दीड अंशसुद्धा मावत नाही, देवयानीची निम्मीच येईल. १३५ च्या लेन्समध्ये पूर्ण येते आणि आजूबाजूला आकाशही उरतं.

डोंबिवली: आमच्या गच्चीवरून धड मोजून वीस तारे दिसतात. चारी बाजूंनी पिवळे-पांढरे दिवे. अशा ठिकाणी तेजोमेघाचे फोटो काढणं शक्य आहे की नाद सोडून द्यावा? लाइट पोल्युशनचा फिल्टर घ्यावा का?

नाद सोडू नका. पण कुठल्या गोष्टीचा फोटो काढायचा ते मात्र नीट निवडावं लागेल.

शहराच्या आकाशाचा हिशोब असा आहे की शहरातलं आकाश आणि खेड्यातलं चांगलं काळं आकाश यात ३ मॅग्निट्यूडचा (मॅग्निट्यूड म्हणजे तेज मोजायची पायरी) फरक सहज पडतो, म्हणजे तुमच्या आकाशाचा स्वतःचा उजेड साधारण १६ पट. त्यामुळे खेड्यात एका तासात जे मिळतं तेवढ्यासाठी डोंबिवलीत १६ तास. दीर्घिका आणि कृत्तिकांभोवतीचा निळसर धूर यांना हा नियम पुरेपूर लागू होतो, कारण त्यांचा उजेड ताऱ्यांचाच, सगळ्या रंगांचा मिळून झालेला, आणि रस्त्यावरच्या एलईडीचा उजेडही सगळ्या रंगांचा. दोन्ही वेगळे काढणार कसे? पूर्वी सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा त्यांचा तेवढाच रंग अडवणारे फिल्टर बरं काम करायचे, एलईडी आल्यापासून त्यांचा फायदा खूप कमी झालाय. तसला जुना फिल्टर कुणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका.

पण मृगातला तेजोमेघ, एकशृंगीतला रोझेट, धनू राशीतला लगून, हे सगळे वायूचे ढग आहेत आणि ते ठरावीक रंगांतच चमकतात. हायड्रोजनचा लाल, ६५६.३ नॅनोमीटर, आणि ऑक्सिजनचा हिरवट-निळा, ५००.७ नॅनोमीटर. हे दोनच रंग आत सोडायचे आणि बाकी सगळं अडवायचं हे काम ड्युअल बँड फिल्टर करतो, प्रत्येक रंगाभोवती ७ नॅनोमीटर वगैरे एवढीच फट ठेवतो. तो लावून डोंबिवलीतून, अगदी अर्ध्या चंद्राच्या उजेडातसुद्धा, रोझेट येतो. मात्र साध्या डीएसएलआरमध्ये सेन्सरच्या पुढे जी काच असते ती हा लाल रंग बराचसा खाऊन टाकते, साधारण पाव हिस्साच आत येतो. ती काच काढून घेतात, त्याला मॉडिफाय केलेला कॅमेरा म्हणतात. जुनी बॉडी पडून असेल तर ते करून घ्यायला हरकत नाही.

त्या ५००.७ च्या हिरव्या रेषेबद्दल एक सांगायचंच आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात (आजचं सीओईपी) कावसजी दादाभाई नेगमवाला म्हणून प्राध्यापक होते, त्यांनी भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या मदतीतून तिथे वेधशाळा उभी केली आणि २० इंची दुर्बीण बसवली. १८९१ मध्ये त्यांनी पुण्यातून मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट अभ्यासला, आणि त्यातली मुख्य हिरवी रेषा बारीक आणि सुबक आहे असं नोंदवलं. तेव्हा इंग्लंडमध्ये या रेषेवरून मोठा वाद चालू होता, आणि ती कुठल्या मूलद्रव्याची हे कुणालाच माहीत नव्हतं, लोक 'नेब्युलियम' नावाचं नवंच मूलद्रव्य मानत होते. १९२० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी दाखवलं की तो आपला ऑक्सिजनच, फक्त अतिशय विरळ अवस्थेतला. तुमच्या फिल्टरमधून जी रेषा आत येते ती हीच. पुण्याच्या त्या कॉलेजवरून जाताना मला प्रत्येक वेळी हे आठवतं. ती दुर्बीण पुढे कोडाईकनालला गेली.

आणि वर्षातून दोन-तीनदा तरी अंधारात जा. तुमच्याच रेल्वे लाइनवर बदलापूरच्या पुढे वांगणीला खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात, तिथली माणसं हौसेनं शिकवतात. लांब जायची तयारी असेल तर पेंच व्याघ्र प्रकल्प आहे, जानेवारी २०२४ मध्ये त्याला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आणि ते आपल्या महाराष्ट्रात आहे ही साधी गोष्ट नाही.

कोल्हापूर: ट्रॅकर घेतलाय पण आमच्या गच्चीच्या उत्तरेला पाण्याची टाकी आणि त्यामागे शेजारची बिल्डिंग, ध्रुव दिसतच नाही. पोलर अलाइनमेंट कशी करायची? ३० सेकंदांतच तारे लांबतात.

पोलर अलाइनमेंट म्हणजे ट्रॅकरचा फिरायचा आस आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे नेमका रोखणं. आपल्याकडे ही अडचण युरोप-अमेरिकेपेक्षा जास्त येते, कारण ध्रुव क्षितिजापासून तुमच्या अक्षांशाएवढाच वर असतो. कोल्हापूरला जेमतेम १७ अंश. हात लांब करून मूठ धरा, ती १० अंशांची, म्हणजे पावणेदोन मुठी. टाकी आड येणारच.

आधी ढोबळ करून घ्या. माउंटच्या उंचीच्या पट्टीवर १६.७ अंश लावा आणि होकायंत्रानं उत्तर धरा. आपल्याकडे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यात फारसा फरक नाही ही सोय आहे, पण स्लॅबमधल्या सळ्या आणि ट्रायपॉडचं लोखंड होकायंत्राला फसवतात, म्हणून चार पावलं लांब उभं राहून दिशा बघा आणि मग ओढून आणा. एवढ्यावर १३५ च्या लेन्सला २०-३० सेकंद निघतात. त्यापुढे जायचं असेल तर लॅपटॉपवर नीना हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात तीन ठिकाणचे फोटो काढून ताऱ्यांच्या जागा ओळखून माउंट किती चुकलाय ते सांगण्याची सोय आहे आणि त्याला ध्रुव दिसावा लागत नाही. माउंट कॉम्प्युटरनं चालणारा असेल तर हे सोपं जातं. ते नसेल तर जुनी ड्रिफ्टची पद्धत, दक्षिणेला विषुववृत्ताजवळचा एक तारा धरायचा आणि तो वर सरकतोय की खाली ते बघत माउंट पूर्व-पश्चिम सरकवायचा, मग पूर्वेचा तारा धरून उंची. तासभर जातो, पण एकदाच जातो! एकदा जमलं की ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली गच्चीवर ऑइलपेंटनं गोल करून ठेवा, पुढच्या वेळी पाय तिथेच ठेवायचे, उंचीचा स्क्रू हलवायचा नाही. आमच्या गच्चीवर ते तीन पांढरे गोल सात वर्षं आहेत.

ज्यांना ध्रुवतारा दिसतो त्यांनीही लक्षात ठेवा की तो खऱ्या ध्रुवबिंदूवर नाहीये, सव्वा चंद्राएवढा बाजूला आहे, म्हणून पोलर स्कोपमधल्या (माउंटमध्ये ध्रुव बघायला असलेल्या छोट्या दुर्बिणीतल्या) गोलावर तो मोबाईलच्या अॅपनं सांगितलेल्या जागीच ठेवायचा, मधोमध नाही.

आणि ती टाकी, पंप चालू झाला की स्लॅब थरथरते आणि तारे अंड्यासारखे होतात. सोसायटीच्या पंपाची वेळ विचारून घ्या.

नाशिक: कॅमेरा, १३५ ची लेन्स, ट्रॅकर सगळं आहे. आयएसओ किती, सेकंद किती, किती फोटो? डार्क, फ्लॅट हे सगळं खरंच करावं लागतं का? एक फोटो पाच मिनिटांचा काढला तर पांढराफटक आला.

पाच मिनिटांचा एकच नको, छोटे छोटे खूप काढायचे आणि एकावर एक रचायचे, याला स्टॅकिंग म्हणतात.

नाशिक शहरातून एफ २.८ वर ३० सेकंद, आयएसओ ८०० पासून सुरू करा, फाइल रॉच (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) हवी. फोटो काढून कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघा, डोंगर डाव्या कडेला चिकटलेला नको, डावीकडून पाव ते एक तृतीयांश अंतरावर आला की झालं. गंगापूर धरणाच्याही पलीकडे अंधारात गेलात तर सेकंद वाढवता येतील. फोकसला घाई करू नका, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून व्याध किंवा रोहिणी बारीकात बारीक करा, जमलं तर बॅहटिनॉव मास्क (फोकस नेमका कळावा म्हणून लेन्सपुढे लावायची चिरांची जाळी) वापरा, मग रिंगवर चिकटपट्टी. रात्री थंडी वाढली की फोकस सरकतो, मध्यरात्री परत बघा.

आता किती फोटो. ज्याला आपण नॉइज म्हणतो तो फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळानं दबतो. २५ फोटो रचले तर पाचपट सुधारणा, १०० रचले तर दहापट. म्हणजे आजच्यापेक्षा दुप्पट चांगलं हवं असेल तर चौपट वेळ, आणि याला कुठलीच पळवाट नाही, महागडा कॅमेरा थोडी मदत करतो पण हा हिशोब बदलत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते की एका रात्रीत पाच गोष्टी टिपू नका. एकच घ्या, तीन-चार रात्री त्याच्याकडेच जा, सगळ्या रात्रींचे फोटो एकत्र रचता येतात. वीस-वीस मिनिटांचे दहा अर्धवट फोटो माझ्याकडेही पहिल्या वर्षाचे आहेत, त्यातला एकही मी भिंतीवर लावू शकले नाही, आणि पुढच्या वर्षी अकरा तास फक्त रोझेटला दिले तेव्हा त्याच्या आतल्या काळ्या शिरा पहिल्यांदा दिसल्या. स्क्रीनवर ते उमटलं तेव्हा पहाटेचे साडेचार झाले होते आणि मी आईला उठवून दाखवलं.

डार्क म्हणजे झाकण लावून तेवढ्याच सेकंदांचे, तेवढ्याच आयएसओचे २०-३० फोटो, त्याच रात्री त्याच गारठ्यात, कारण सेन्सर ६-७ अंशांनी तापला की त्याचा आतला नॉइज दुप्पट होतो. मे महिन्यात आपल्याकडे डीएसएलआरचे फोटो दाणेदार येतात ते यामुळेच. फ्लॅट म्हणजे लेन्सवर धुतलेला पांढरा टीशर्ट ताणून बांधायचा आणि सकाळच्या आकाशाकडे तोंड करून फोटो काढायचे, फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन जराही न हलवता. डार्क एकवेळ राहिले तर चालतील, फ्लॅट टाळू नका. सेन्सरवरच्या धुळीचे गोल आणि कोपऱ्यातला काळोख फक्त फ्लॅटनंच जातो. मी एका हिवाळ्यात तीन रात्रींचं काम फ्लॅटशिवाय केलं आणि ते सगळं वाया गेलं, तेजोमेघ कुठला आणि धूळ कुठली हे नंतर वेगळं काढताच आलं नाही.

रचायला सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर, दोन्ही फुकट. रचून झालेला फोटो काळाकुट्ट दिसेल, घाबरू नका, सगळं आत आहे, हळूहळू स्ट्रेच करत, म्हणजे अंधुक भाग उजळवत, वर आणायचं. मृगाचा तेजोमेघ असेल तर ५ सेकंदांचे वेगळे वीसेक फोटोही काढून ठेवा, त्याचा मधला भाग इतका तेजस्वी आहे की ३० सेकंदांत जळून पांढरा होतो, तिथले चार तारे छोट्या फोटोतूनच मिळतात.

बेळगाव: ते लाल-निळे रंग खरे असतात का कॉम्प्युटरवर भरलेले? खरं सांगा.

हायड्रोजनचा लाल खरा आहे, तो उजेड खरंच त्या रंगाचा आहे, आपल्या डोळ्याला एवढ्या मंद उजेडात दिसत नाही इतकंच. हबलच्या प्रसिद्ध फोटोंमधले सोनेरी-निळे रंग मात्र नेमून दिलेले असतात, गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा, कारण गंधक आणि हायड्रोजन दोन्ही मुळात लालच, वेगळे ओळखू यावेत म्हणून तसं करतात. उजेड खरा, रंग वाटून दिलेला. माझं मत विचाराल तर कॉन्ट्रास्ट वाढवणं, रंग खुलवणं योग्य आहे, पण जे कॅमेऱ्यानं टिपलंच नाही ते सॉफ्टवेअरकडून रंगवून घेणं योग्य नाही. फोटोखाली किती तास, कुठून, कुठला फिल्टर हे लिहायची सवय लावा, म्हणजे बघणाऱ्याला शंका राहत नाही.

चिपळूण: पावसाळ्यात चार महिने दुर्बीण आणि लेन्स बंद. मागच्या वर्षी लेन्सला बुरशी धरली. उपाय?

हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा, आत रंग बदलणारी सिलिका जेल, रंग बदलला की कढईत मंद आचेवर तापवून परत वापरायची. फोमच्या पेटीत किंवा चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका, त्यातच ओल राहते. आठवड्यातून एकदा कोरड्या दिवशी बाहेर काढून हवा द्या. आणि हिवाळ्यातही पहाटे दव पडलेली लेन्स तशीच झाकण लावून आत ठेवू नका, आधी पंख्याखाली वाळू द्या. दुर्बिणीच्या आरशाला कापड लावायचं नाही, कधीच नाही. बुरशी काचेत फार खोल गेली नसेल तर कॅमेरा दुरुस्तीवाले उघडून साफ करून देतात.

लातूर: माझी मुलगी अकरावीला आहे. रात्र रात्र गच्चीवर असते, तेजोमेघाचे फोटो काढते. नासाचे याहून कितीतरी सुंदर फोटो फुकट मिळतात, मग हिनं अभ्यास सोडून हे का करावं? मी चिडून लिहीत नाही, मला खरंच समजून घ्यायचंय.

तुम्ही विचारलंत याचा मला खूप आनंद झाला.

देवयानीचा फोटो पहिल्यांदा आयझॅक रॉबर्ट्स यांनी १८८८ मध्ये इतका स्पष्ट काढला की तिच्या भुजा दिसल्या. त्यानंतर जगातल्या बहुतेक प्रत्येक दुर्बिणीनं तिचा फोटो काढला असेल. आणि तरी २०२२ मध्ये यान सँती, झाव्हिए स्ट्रोत्नेर आणि मार्सेल ड्रेक्सलर या हौशी मंडळींनी तिच्या शेजारीच एक मोठी निळसर कमान शोधली, ऑक्सिजनच्या त्याच ५००.७ च्या उजेडातली, जी तोवर कुणालाच दिसली नव्हती. त्यासाठी वापरलेली दुर्बीण होती १०६ मिलिमीटरची, तुमच्या मुलीच्या हातात मावेल एवढी, आणि एक्स्पोजर दिलं शंभर तासांहून जास्त. मोठ्या वेधशाळांना एका जागेवर इतका वेळ देणं परवडत नाही, तिथे रात्रीच्या एकेका तासासाठी शास्त्रज्ञ रांगेत असतात. आपल्या गच्चीवरची रात्र मात्र आपली असते.

आणि शोध नाही लागला तरी ती काय शिकतेय ते बघा. वर्गमूळ, कोन, वर्णपट, तापमानाचा नॉइजवर परिणाम, हे सगळं ती पुस्तकाच्या आधी हातानं करतेय. तिला एकदा विचारा की १५ विकला म्हणजे किती, आणि तिच्या कॅमेऱ्यावर ते किती पिक्सेल होतात, बघा कशी सांगते. सुट्टीत तिला पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत घेऊन जा, खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिशेस आहेत त्या दाखवा. ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात १९४४ पासून हौशी लोकांसाठीच काम करतेय, तिथे तिच्यासारखी मुलं भेटतील.

झोपेचं मात्र तुमचं बरोबर आहे. आता इंटरव्हॅलोमीटर लावला की कॅमेरा आपोआप फोटो काढत राहतो, तिनं तिथे बसून राहायची गरज नाही. नऊला लावायचा, फोकस बघायचा, झोपायचं, दोनला अलार्म लावून आवरायचं. अमावस्येच्या आसपासच्या शुक्रवार-शनिवारच्या रात्री तिच्या आणि बाकीच्या अभ्यासाच्या, असं दोघांनी बसून ठरवा. आणि एका रात्री तुम्हीही वर जा. तिनं काढलेल्या मृगाच्या तेजोमेघातला उजेड साधारण १३५० वर्षांपूर्वी निघालेला आहे, बदामीच्या चालुक्यांच्या काळात, आणि तो तुमच्या लातूरच्या गच्चीवर तुमच्या मुलीच्या कॅमेऱ्यात येऊन थांबला.

देवगड: मी निवृत्त शिक्षक, वय ६८. गुडघ्यांमुळे जड स्टँड अंगणात नेणं होत नाही. मुलगा दुबईहून स्मार्ट टेलिस्कोप आणतो म्हणतो, मोबाईलवर नाव दाबलं की स्वतः शोधून फोटो काढतो असा. पण मग ते माझं फोटो काढणं राहील का? आणि कोकणातून उत्तरेच्या लोकांना दिसत नाही असं काही टिपता येईल का?

सर, नक्की घ्या. सीस्टार एस ५० सारखी दुर्बीण अडीच किलोची असते, ५० मिलिमीटरची भिंग, २५० मिलिमीटर फोकल लेंथ, कॅमेरा आणि फिल्टर आतच. ती १०-२० सेकंदांचे फोटो काढत आतल्या आत रचत जाते आणि तुमच्या डोळ्यांसमोर मोबाईलवर तेजोमेघ उमटत जातो. शोधायचं काम ती करते. पण काय टिपायचं, कधी, किती रात्री त्याला द्यायच्या, आणि नंतर त्या फाइल सिरिलमध्ये घेऊन स्वतः घडवायचं, हे सगळं तुमचंच राहतं. एकच सांगते, दहा मिनिटांत चित्र दिसलं की पुढच्याकडे जावंसं वाटतं, तसं करू नका, दोन तास तिथेच थांबा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो, आणि ते फार सुंदर आहे. नरतुरंग मंडळात ओमेगा सेंटॉरी नावाचा गोलाकार तारकागुच्छ आहे, आपल्या आकाशगंगेतल्या अशा सगळ्या गुच्छांत सर्वात मोठा, लाखो ताऱ्यांचा. लंडनच्या माणसाला तो कधीच दिसत नाही, तिथे तो उगवतच नाही. देवगडहून तो दक्षिणेला २६ अंश वर येतो, अडीच मुठींहून जरा जास्त. काळोख असेल तर नुसत्या डोळ्यांनाही धुरकट ताऱ्यासारखा कळतो. तो आकारानं पौर्णिमेच्या चंद्राएवढा आहे त्यामुळे तुमच्या दुर्बिणीत छान मावेल, आणि ताऱ्यांचा गुच्छ असल्यामुळे फिल्टर काढूनच फोटो घ्या.

मेच्या मध्यात रात्री दहा-साडेदहाला तो बरोबर दक्षिणेला असतो, पण तेव्हा कोकणात हवा दमट आणि ढग लवकर येतात, म्हणून मार्चच्या शेवटी रात्री दीड-पावणेदोनला, किंवा एप्रिलच्या मध्यात साडेबाराच्या सुमारास, चंद्र नसलेली रात्र धरा. दुर्बीण अंगणात ठेवणार असाल तर दक्षिणेच्या बाजूला कलमाची फांदी किंवा माडाच्या झावळ्या आड येत नाहीत ना, ते आत्ताच दिवसाउजेडी बघून जागा नक्की करून ठेवा.